बडोद्यात मूल पहिलीला घालताना: फॉर्म, फी, दप्तर आणि शाळेशी बोलण्याची रीत

बडोद्यातल्या मराठी घरात मूल शाळेच्या वयाचं झालं की चर्चा माध्यमावरून सुरू होते आणि महिनाभर चालते. कागदांकडे लक्ष जातं ते शेवटच्या आठवड्यात. आमचा आग्रह उलटा आहे. माध्यम पुढे बदलता येतं, शाळाही बदलता येते. पण जनरल रजिस्टरमध्ये (जी.आर., म्हणजे शाळेच्या मुख्य नोंदवहीत) पहिल्या दिवशी जे नाव आणि जी जन्मतारीख लिहिली जाते, ती एल.सी.वर (शाळा सोडल्याच्या दाखल्यावर) उतरते, तिथून दहावीच्या मार्कशीटवर आणि पुढे पासपोर्टपर्यंत जाते. म्हणून आधी कागद.

वयाचा हिशोब

गुजरातमध्ये २०२३-२४ पासून नियम पक्का आहे: त्या वर्षीच्या १ जूनला ६ वर्षं पूर्ण असतील तर पहिली, ५ पूर्ण असतील तर बालवाटिका, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. २ जूनचा जन्म असेल तर मूल पुढच्या वर्षी. मुख्याध्यापकांच्या हातात यात काही नसतं, कारण नोंद ऑनलाइन होते. गडबड खरी होते ती आधीच. काही नर्सऱ्या अडीच वर्षांच्या मुलाला घेतात, मग ते सिनिअर के.जी. संपवतं तेव्हा साडेपाचचं असतं आणि एक वर्ष परत तिथेच बसतं. मुलाच्या मनाला ते लागतं; 'मी नापास झालो का' असं विचारतं. पहिलीच्या १ जूनपासून मागे मोजा: बालवाटिकेला ५, त्याच्या आधीच्या वर्गाला ४, नर्सरीला ३. तीन पूर्ण नसतील तर थांबा.

नाव: इथे घाई नको

प्रवेशाच्या गुजराती फॉर्मवर पहिलाच रकाना 'अटक' असा असतो. घाबरायचं कारण नाही, गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. इथे नाव आडनावापासूनच लिहिलं जातं: आडनाव, मुलाचं नाव, वडिलांचं नाव. आधार कार्डावर बहुधा आडनाव शेवटी असतं. क्रम उलटा असणं चालून जातं, अक्षरं वेगळी असणं चालत नाही. मराठी नावांत अक्षरं चुकण्याच्या चार ठरलेल्या जागा आहेत.

पहिली 'ज्ञ'. आपण 'प्रज्ञा'चं इंग्रजी स्पेलिंग डी-एन-वाय-ए असं करतो. गुजराती माणूस ते जी-एन-ए असं करतो, कारण तो उच्चारच 'ग्न' असा करतो. क्लार्क गुजराती फॉर्म बघून कॉम्प्युटरवर इंग्रजी नाव टाइप करतात तेव्हा सवयीने जी-एन टाकतात. त्यांची त्यात चूक नाही. आधारवर मात्र डी-एन-वाय असतं. ज्ञानेश, ज्ञानदा, यज्ञेश, सर्वज्ञ या सगळ्यांना हे लागू आहे.

दुसरी जागा 'राव'. घरी वडिलांचं नाव 'विजयराव' चालतं, जन्मदाखल्यावरही तसंच असतं, आधारवर नुसतं 'विजय'. तिसरी 'भाई' आणि 'बेन'. जन्मनोंद गुजरातीत झाली असेल तर वडिलांच्या नावाला 'भाई' आणि आईच्या नावाला 'बेन' सरकारी सवयीने जोडलेलं सापडतं. चौथी, आडनावाचं स्पेलिंग: चव्हाणमध्ये एच एकदा की दोनदा, गायकवाडमध्ये ए-ई की ए-आय, शिंदे एस-एच की नुसता एस. एकाच घरात दोन भावांची दोन स्पेलिंगं असलेली कितीतरी कुटुंबं बडोद्यात आहेत.

काम असं करा. कोऱ्या कागदावर चार ओळी लिहा: जन्मदाखल्यावर काय आहे, मुलाच्या आधारवर काय, वडिलांच्या आधारवर काय, आईच्या आधारवर काय. इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून, आणि गुजराती नाव गुजराती लिपीत. फरक दिसला तर आधी जन्मदाखला दुरुस्त करून घ्या, त्यानंतर आधार, शेवटी शाळा. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक जागी दोनदा जावं लागतं. जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसेल, नुसतं 'बाबो' किंवा 'बेबी' असेल, तर जन्मनोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. पहिल्या वर्षात ते फुकट, नंतर लेट फी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालणार आहे. घरात त्या वयाचं धाकटं असेल तर आजच बघून ठेवा.

मुलाचं निळं बाल आधार ५ वर्षांनंतर तसंच ठेवू नका. त्यात बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नसते. ५ पूर्ण झाल्यावर ती करून घ्यायची असते आणि ७ वर्षांपर्यंत त्याला पैसे लागत नाहीत. शाळा पुढे 'अपार' आयडी, म्हणजे मुलाचा शैक्षणिक ओळख नंबर, काढते, त्यासाठी पालकांचं लेखी संमतीपत्र मागते. हा १२ अंकी नंबर तयार होताना शाळेच्या यू-डायस नोंदीतलं (शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचं) नाव आणि आधारवरचं नाव जुळवलं जातं. एखादं अक्षर जरी वेगळं असलं तरी काम अडतं, आणि शाळेतून 'तुमच्या मुलाचं अपार बाकी आहे' असे मेसेज येत राहतात. त्याचं मूळ बहुतेक वेळा वरच्या चार जागांपैकी एकीत सापडतं.

फॉर्म भरून दिल्यावर एक विनंती जरूर करा: 'जी.आर.मध्ये नोंद झाली की मला एकदा दाखवा.' रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, जन्मठिकाण, जात, सगळं वाचा, आणि जी.आर. नंबर स्वतःकडे लिहून घ्या. मूल त्याच शाळेत शिकत असेपर्यंत दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फत जातो. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या (म्हणजे महापालिकेच्या) शाळांसाठी तो शासनाधिकाऱ्यांच्या कचेरीत पोचतो. एल.सी. काढून मूल बाहेर पडलं की तेच काम फार किचकट होतं.

महाराष्ट्रातून बदली होऊन आलात तर

जुन्या शाळेकडून दोन गोष्टी हव्यात. एक, शाळा सोडल्याचा दाखला. दुसऱ्या राज्यात जायचं असल्यामुळे त्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची काउंटर सही घेऊनच निघा, कारण इथल्या बऱ्याच शाळा ती मागतात. दोन, मुलाचा ११ अंकी 'पेन' नंबर, म्हणजे यू-डायसवरचा त्याचा कायमचा नंबर. आणि जुन्या शाळेला सांगा की यू-डायस पोर्टलवर मुलाला 'ड्रॉप बॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाका. ते झाल्याशिवाय बडोद्याची शाळा त्याला आपल्या यादीत ओढू शकत नाही. मूल वर्गात बसलेलं असतं आणि पोर्टलवर पुण्यातच असतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे.

आर.टी.ई. आणि फी

आर.टी.ई. म्हणजे शिक्षण हक्क कायदा. त्याखाली खाजगी शाळांत पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित गटासाठी असतात. अर्ज ऑनलाइन, निवड कॉम्प्युटरवरच्या ड्रॉने. उत्पन्नाची मर्यादा २०२५ साली ६ लाखांवर नेली गेली, त्यामुळे आधी ज्यांनी 'आपल्याला मिळणार नाही' म्हणून विचार सोडला होता त्यांनी परत बघावं. अर्ज रद्द होतात ते बहुधा तीन कारणांनी: मूळ कागद स्कॅन करण्याऐवजी झेरॉक्सचा फोटो अपलोड केलेला असतो, भाडेकरार रजिस्टर न करता नुसता नोटरी केलेला असतो, आणि नकाशावर घराची खूण चुकीच्या गल्लीत पडलेली असते. जागा मिळाल्याचा मेसेज आला की दिलेल्या तारखेच्या आत शाळेत जाऊन प्रवेश घ्या. तारीख गेली की जागा गेली.

फीबद्दल. गुजरातमध्ये २०१७ पासून फी नियमन कायदा आहे, आणि बडोद्यात त्याची स्वतंत्र झोन समिती (एफ.आर.सी.) आहे. प्राथमिकसाठी वर्षाला १५,००० रुपयांपेक्षा जास्त फी घ्यायची असेल तर शाळेला समितीची मंजुरी लागते. म्हणून फी विचारताना 'किती' याच्याबरोबर 'एफ.आर.सी.ची ऑर्डर बघू का' हेही विचारा. मंजूर आकडा आणि तुमच्या पावतीची बेरीज जुळली पाहिजे. डोनेशन मागणं आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेणं, दोन्ही कायद्याने बंद आहे. मुलाखतीसाठी पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पुस्तकं आणि गणवेश अमुकच दुकानातून घ्या, अशी सक्तीही शाळेला करता येत नाही.

गुजराती: मराठी घराने काय करायचं

२०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या प्रत्येक शाळेत, माध्यम किंवा बोर्ड कुठलंही असो, पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सक्तीचं आहे. मराठी माध्यमाच्या शाळेतही ते आहेच. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि गुजराती, टीव्हीवर हिंदी, एवढं ऐकून आईवडील घाबरतात आणि मुलाशी मराठी बोलणं कमी करतात. तसं करू नका. ज्याची घरची भाषा भक्कम असते, तो दुसरी भाषा तिच्या आधाराने शिकतो. गुजराती तर सख्खी शेजारीण आहे.

अडचण लिपीची येते, आणि तीही नेमक्या ठिकाणी. गुजरातीत शिरोरेघ नसते. बरीच अक्षरं शिरोरेघ काढलेल्या देवनागरीसारखीच दिसतात, म्हणून मोठ्यांना ती पटकन वाचता येतात. वेगळी आहेत ती क, ख, च, ज, झ, फ, ब आणि अ, इ. एवढ्या नऊ अक्षरांवर वेळ घालवला की बाकीचं आपोआप येतं. दुसरी अडचण आकड्यांची: गुजराती २ आणि गुजराती 'र' जवळजवळ सारखे दिसतात, गुजराती ५ आणि 'प' तसेच. मूल '२५' ला 'रप' वाचतं तेव्हा ते मंद नसतं, नीट बघत असतं. आकडे वेगळ्या वहीत, चौकटीत लिहायला लावा.

आणखी एक चूक घराघरांत होते. आजोबा क-ख-ग-घ या क्रमाने पाटी गिरवून घेतात. इथल्या शाळेत पहिलीला अक्षरं न, म, ग, ज अशा गटाने येतात, म्हणजे चारच अक्षरांत नमन, गज, मगज असे शब्द लगेच वाचता येतात. घरी वेगळा क्रम चालला की मुलाला दोन्हीकडे आपण मागे आहोत असं वाटतं. आजोबांना शाळेचं पुस्तक द्या आणि शाळेच्या पानाबरोबर चालायला सांगा. मराठी बाराखडी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत जरूर घ्यावी.

शाळेतले काही शब्द माहीत असले की नोटीस चुकीची वाचली जात नाही. 'लेसन' म्हणजे गृहपाठ. 'परिणाम' म्हणजे निकाल. 'परिणाम लेवा आववुं' असं लिहिलं असेल तर मार्कपत्रक घ्यायला जायचं आहे. 'वाली' म्हणजे पालक, 'वाली मीटिंग' म्हणजे पालकसभा. 'चोपडी' म्हणजे पुस्तक.

दप्तर, डबा आणि घरचा अभ्यास

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात आकडे दिले आहेत: पहिली-दुसरीला दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो. एकदा घरच्या काट्यावर ठेवून बघा. साधारणपणे जड असतात ती पुस्तकं नसतात. एक लिटरची स्टीलची भरलेली बाटली एकटीच सव्वा किलोच्या पुढे जाते. शाळेत पाण्याची चांगली सोय असेल तर अर्ध्या लिटरची बाटली द्या आणि तिथे भरायला शिकवा. कंपास पेटीची पहिलीत गरज नाही. दोन पेन्सिली, एक रबर, एक शार्पनर पुरे. सगळ्यावर नाव हवं, आणि ते मुलाला वाचता येईल अशा लिपीत.

त्याच धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, असं म्हटलं आहे. रोज पानभर लेसन येत असेल तर वर्गशिक्षकांशी शांतपणे बोला. बऱ्याच वेळा ते इतर पालकांच्या आग्रहाने दिलेलं असतं.

डब्याबद्दल शिक्षक एकच गोष्ट परत परत सांगतात: मुलाला झाकण उघडता येत नाही. चाळीस मुलांच्या वर्गात पंधरा डबे बाईंनी उघडायचे म्हटलं तर रिसेस तिथेच संपते. शाळा सुरू होण्याआधी आठ दिवस मुलाला घरी त्याच डब्यातून, जमिनीवर बसून, कुणाच्या मदतीशिवाय खायला लावा. २० मिनिटांत संपेल एवढंच द्या: एक पोळी, भाजी आत घालून गुंडाळलेली, आणि एक फळ. पातळ भाजी नको.

नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांत मध्यान्ह भोजन मिळतं. पी.एम. पोषण या केंद्राच्या भोजन योजनेचं पाचवीपर्यंतचं माप मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं आहे. शिवाय सुखडी, चणा चाट असा अल्पाहार. मुलाला शेंगदाणा, दूध किंवा आणखी कशाची अॅलर्जी असेल तर ते तोंडी सांगून थांबू नका. कागदावर लिहून एक प्रत वर्गशिक्षकांना आणि एक स्वयंपाक वाढणाऱ्यांना द्या. वाढदिवसाला चॉकलेटं वाटण्याऐवजी 'तिथीभोजन' देता येतं: त्या दिवशी सगळ्या शाळेला किंवा एका वर्गाला तुमच्यातर्फे जेवण किंवा मिठाई. मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी विचारा.

आजारपण आणि तपासणी

ताप औषधाशिवाय उतरून २४ तास झाले की मग शाळा. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, गालगुंडात सूज आल्यापासून ५ दिवस, गोवरात पुरळ उठल्यापासून ४ दिवस. 'परीक्षा आहे' म्हणून अंगात ताप असताना पाठवलेलं मूल सोबत सगळा बाक आजारी पाडतं. रजाचिठ्ठीत तारीख, कारण आणि परत कधी येणार, एवढं लिहा.

५ ते ६ वर्षांत डी.पी.टी. लसीचा दुसरा बूस्टर असतो. पहिलीच्या धांदलीत तोच राहून जातो. जंताची गोळी फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेतच देतात. गोळी चावून खायची असते, म्हणून 'गिळू नको' हे आधी सांगा, आणि त्या दिवशी मूल आजारी असेल तर शिक्षकांना कळवा. शाळा आरोग्य तपासणीला मुलाला मुद्दाम हजर ठेवा. त्यात हृदय, किडनी किंवा कॅन्सरसारखा मोठा आजार सापडला तर उपचार राज्य सरकार मोफत करतं. ही सोय माहीत नसल्यामुळे कुटुंबं कर्ज काढतात.

रिक्षा, व्हॅन, सहल

शाळेच्या रिक्षात १२ वर्षांखालची जास्तीत जास्त ६ मुलं. ड्रायव्हरच्या शेजारी कुणी बसणार नाही, दप्तरं बाहेर लटकणार नाहीत, मागच्या सी.एन.जी. टाकीवर फळी टाकून मुलं बसवणार नाहीत. व्हॅनची नंबरप्लेट पिवळी हवी. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी महिन्याला दोनशे रुपये स्वस्त पडत असेल, पण अपघात झाला तर विमा मिळताना अडचण येते. ठरवण्याआधी एक दिवस सुटण्याच्या वेळी गेटवर उभं राहा आणि प्रत्यक्ष किती मुलं बसतात ते मोजा.

सहलीचं संमतीपत्र आलं की डोळे मिटून सही करण्याचे दिवस बडोद्यात संपले आहेत. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा सहीआधी पाच गोष्टी लेखी मागा: नेमकं ठिकाण आणि तिथे काय काय करणार, किती मुलांमागे एक मोठं माणूस, बसचा नंबर, पाण्यात उतरणं किंवा बोटीत बसणं आहे का, आणि सोबतच्या शिक्षकांचा फोन नंबर. पाणी असेल तर प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचं जॅकेट आहे का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर 'बोटीत बसवू नये' असं संमतीपत्रावर स्वतःच्या हाताने लिहा आणि मुलालाही तसं बजावून सांगा. यात कुणाचा अपमान होत नाही, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

पावसाळा

विश्वामित्री नदीची काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. पाणी तिच्याकडे चढायला लागलं की सयाजीगंज, फतेगंज, समा, कारेलीबाग, अकोटा या भागांतल्या पालकांनी सुट्टीच्या मेसेजची वाट बघत बसू नये. त्या दिवशी मूल घरी ठेवलं म्हणून कुणी रागावणार नाही. मुलाला अर्ध्या शाळेतून घ्यायला कोण कोण येऊ शकतं, ती दोन-तीन नावं जूनमध्येच शाळेला लिहून द्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले दाखले भिजले. जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, मार्कपत्रकं प्लास्टिकच्या पाकिटात घालून माळ्यावर ठेवा आणि स्कॅन फोनमध्ये असू द्या.

शाळेशी बोलताना

पालकांच्या ग्रुपवर तक्रार टाकण्याने काम होत नाही. उलट शिक्षक दुखावतात आणि मूळ विषय बाजूला राहतो. आधी वर्गशिक्षक, सुटल्यावर, वेळ मागून. आठ दिवसांत फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांना अर्ज: दोन प्रती, आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर. अर्जात एकच मुद्दा. फी, बस आणि मारणं एकाच कागदावर लिहिलं तर उत्तर फक्त बसचं येतं.

मारणं किंवा मुलाचा मानसिक छळ, यासाठी मात्र आठ दिवस थांबायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ खाली ते सरळ बंद आहे. त्याच दिवशी लेखी द्या. फोन करायचा तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

सरकारी आणि अनुदानित शाळांत एस.एम.सी., म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. बैठकीला मराठी आया येतात, पण 'आपलं गुजराती कच्चं आहे' म्हणून गप्प बसतात. मराठीत बोला. बडोद्यात ते सगळ्यांना कळतं, आणि नाहीच कळलं तर शेजारची बाई सांगेल. संडासाला कडी नाही, पाण्याच्या टाकीला झाकण नाही, दुपारच्या पाळीत पंखा बंद आहे, हे मुद्दे तिथेच मांडायचे असतात, आणि ते ठरावाच्या वहीत लिहिले गेले की नाही हे उठण्याआधी बघून घ्यायचं असतं.